एटला राजधानीत गेली तेव्हा

कायोवा सरदार लोन वुल्फ आणि त्याची बायको एटला यांचा एक जुना फोटो आहे. इतिहासात ती बहुधा ‘लोन वुल्फची बायको’ एवढीच उरते.

२७ मार्च १८६३ रोजी व्हाइट हाउसच्या ईस्ट रूममध्ये लिंकन या आदिवासी शिष्टमंडळाला भेटले. त्यात एटलासह दोन कायोवा बायका होत्या. लिंकननी पृथ्वीचा गोल दाखवला आणि गोरे शेती करतात म्हणून वाढले, शिवाय ते आपापसात तुमच्याइतके लढत नाहीत, असं सांगितलं. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं होतं! शायेन सरदार लीन बेअर बोलला, ते वर्तमानपत्रांत आलं. त्याने शांतता पाळण्याचं वचन दिलं.

पुढे? कायोवा यलो वुल्फ काही दिवसांतच वॉशिंग्टनमध्ये न्यूमोनियाने वारला. मे १८६४ मध्ये लीन बेअर लिंकनचं पदक छातीवर लावून सैनिकांना सामोरा गेला. त्यांनी गोळ्या घातल्या. वॉर बॉनेट आणि स्टँडिंग इन द वॉटर नोव्हेंबरमध्ये सँड क्रीकच्या कत्तलीत गेले. एटलाबरोबर राजधानी पाहिलेले हे चौघं, दीड-पावणेदोन वर्षांत संपले. तिच्या नवऱ्याला १८७५ साली फ्लोरिडातल्या किल्ल्यात कैदेत धाडलं.