गंजाचा सिद्धांत आणि बायकांची साक्ष

शरीर लोखंडासारखं गंजतं आणि त्या गंजालाच आपण म्हातारपण म्हणतो, हा समज आज औषधांच्या दुकानात अँटिऑक्सिडंट गोळ्यांच्या रूपाने विकला जातो. त्याचं मूळ १९५६ सालच्या एका निबंधात सापडतं. शेल तेल कंपनीतली नोकरी सोडून वैद्यकाकडे वळलेले अमेरिकी रसायनज्ञ डेनहॅम हारमन यांनी त्यात मांडलं, की पेशींतच फ्री रॅडिकल, म्हणजे एकटा इलेक्ट्रॉन बाळगणारे चंचल रेणू, तयार होतात आणि त्यांच्या माऱ्याने शरीर झिजतं. तेव्हा हा निव्वळ तर्क होता. त्याला बळ मिळालं १९६९ मध्ये, तेही आडवाटेने. ड्यूक विद्यापीठात आयर्विन फ्रिडोविच आणि त्यांचे विद्यार्थी जो मॅकॉर्ड एका निराळ्याच विकराची क्रिया तपासत होते. काही प्रथिनांचे नमुने मिसळले की ती क्रिया मंदावे. ही करामत त्या प्रथिनांची नव्हती, त्यांच्यातल्या भेसळीची होती. भेसळ म्हणजे सुपरऑक्साइड या फ्री रॅडिकलचा निकाल लावणारं सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे विकर. गाई-बैलांच्या रक्तातून हेच तांबेयुक्त निळसर प्रथिन शास्त्रज्ञ मान आणि कीलिन यांनी १९३८ मध्येच वेगळं काढलं होतं. ते करतं काय, हे मात्र ३१ वर्षं कुणाला उमगलं नव्हतं.

या शोधातून खरं तर एवढंच निघत होतं, की पेशीचा बंदोबस्त पेशीपाशीच आहे. डिसम्युटेज सुपरऑक्साइडचं पेरॉक्साइड करतं, कॅटॅलेज आणि ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज त्याचं पाणी करतात. बाजाराने मात्र निष्कर्ष काढला, की बाहेरून अँटिऑक्सिडंट जीवनसत्त्वं घाला. उतारवयात गाठणाऱ्या मधुमेहाच्या बाबतीत तो पटण्याजोगाही होता, कारण इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींत ही विकरं तुटपुंजीच असतात. त्याची परीक्षा झाली ती बायकांवर. अमेरिकेतल्या ‘विमेन्स हेल्थ स्टडी’त पंचेचाळिशी गाठलेल्या हजारो स्त्रियांनी दहा वर्षं दिवसाआड ६०० युनिट ई जीवनसत्त्व किंवा नुसती दिखाऊ गोळी घेतली. टाइप २ मधुमेह झाला अनुक्रमे ८२७ आणि ८६९ जणींना. हा फरक योगायोगापलीकडचा ठरला नाही. या निरोगी होत्या, जीवनसत्त्वही एकच होतं, असा आक्षेप येतो. पण हृदयविकार असलेल्या किंवा त्याचा धोका असलेल्या ६,५७४ स्त्रियांना क, ई आणि बीटा कॅरोटीन देऊन नऊएक वर्षं पाहिलं, तरी पदरी तेच पडलं.

मधुमेहींच्या शरीरात ऑक्सिडेशनच्या खुणा दिसतात, हे कुणी नाकारत नाही. पण खूण म्हणजे कारण नव्हे. २००४ मध्ये ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज जास्त बनवणारे उंदीर तपासले, तर ते लठ्ठ झाले आणि इन्सुलिनला दाद देईनासे झाले. उंदीर म्हणजे बाई नव्हे, कबूल. पण इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचायला थोडं पेरॉक्साइड हातभार लावतं. व्यायामातही स्नायूंत रॅडिकल वाढतात, घटत नाहीत. तरीही २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ३,२३४ जणांच्या चाचणीत, ज्यात दोनतृतीयांश स्त्रिया होत्या, बेताचा आहार, थोडं उतरवलेलं वजन आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम यांनी मधुमेहाचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटवलं; मेटफॉर्मिनच्या गोळीने ३१ टक्क्यांनी.