लोहगाव: घर हवाई दलाचं, पाहुणे आपण

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, कुठूनही विमान पकडायचं म्हटलं की आपल्याला आधी लोहगाव आठवतं. विमानाला उशीर झाला की आपण कंपनीला शिव्या घालून मोकळे होतो. पण या विमानतळाचा इतिहास वाचला तेव्हा मला एक गोष्ट कळली. तिथे घरमालक दुसराच आहे, आपण पाहुणे आहोत.

लोहगावची धावपट्टी प्रवाशांसाठी बांधलीच नव्हती. १९३९ मध्ये ब्रिटिशांनी हा तळ उभारला तो मुंबईच्या हवाई संरक्षणासाठी. मुंबई समुद्राकाठी उघडी, तळ मात्र घाटाच्या आड. दुसऱ्या महायुद्धात इथे स्पिटफायर आणि वेलिंग्टन विमानं होती. मे १९४७ मध्ये तळ भारतीय हवाई दलाकडे आला. २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय हवाई दलात दाखल झाली तीही इथेच.

आजही टर्मिनल विमानतळ प्राधिकरणाचं, पण धावपट्टी आणि वाहतूक नियंत्रण हवाई दलाचं. ऑक्टोबर २०२० पासून दुरुस्तीसाठी रात्रीची उड्डाणं बंद होती, आणि १६ ते २९ ऑक्टोबर २०२१ ला तर विमानतळच पूर्ण बंद. जुलै २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं. छान झालं. पण धावपट्टी तीच, साधारण अडीच किलोमीटरची. ओसरी वाढवली म्हणून वाट रुंद होत नाही.

गोव्यातही हेच. पोर्तुगीजांनी बांधलेला दाबोळी १९६१ नंतर नौदलाकडे गेला. तिथेही नागरी विमानांना नौदलाच्या सरावाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. शेवटी २०२३ मध्ये मोपा सुरू झालं.

मग पुण्यालाही वेगळा विमानतळ हवा, हे पटतं. पण तो होणार कुठे? पुरंदरच्या सात गावांच्या शेतात. इथे मावळच्या माणसाने जरा थांबावं. शेजारच्या मुळशीत धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सत्याग्रह झाला. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरला पवनेच्या बंद जलवाहिनीविरोधात उतरलेल्या तीन शेतकऱ्यांचा पोलिसांच्या गोळीबारात जीव गेला. 'विकासासाठी जमीन द्या' याचा अर्थ आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज नाही.

८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. घाट उतरला की आपल्याला तो आहेच. त्यामुळे पुरंदरचा निर्णय आपल्या सोयीच्या घाईने होऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आधी लोहगावात नागरी विमानांना आणखी किती वेळा मिळू शकतात ते हवाई दलाशी बसून ठरवा. तरीही जमीन लागलीच, तर मोबदला आणि पुनर्वसन आधी, मोजणी नंतर.

तुम्हाला काय वाटतं? खाली लिहा. पुरंदरला कुणी सोयरे असतील तर त्यांनाही विचारा.