अकस्मात् मृत्यूचा पूर्वेतिहास

वर्धा येथें ११ फेब्रुवारी १९४२ रोजीं शेठ जमनालाल बजाज यांचें मेंदूंतील रक्तस्रावानें देहावसान झालें. वय अवघें ५२ वर्षांचें. गोसेवेचें कार्य नुकतेंच हातीं घेतलेलें. असा मृत्यु घडला म्हणजे आपण 'अकस्मात्' हा शब्द वापरतों. श्रोतेहो, वैद्यकाच्या इतिहासास हा शब्द फारसा मान्य नाहीं. तो कां, हेंच आज सांगावयाचें आहे.

मेंदूंतील धमनी दोन रीतींनीं दगा देते. ती फुटते, किंवा तुंबते. फुटण्याचें मुख्य कारण म्हणजे रक्ताचा वाढलेला दाब. दंडावर पट्टा बांधून तो मोजण्याचें साधन इटलींतील रिवा-रोची यानें १८९६ सालीं सिद्ध केलें, आणि धमनीचे ध्वनि ऐकून दोन्ही आंकडे घेण्याची रीत रशियांतील कोरोत्कॉव्ह यानें १९०५ सालीं दाखविली. म्हणूनच, १९३६ पासून सेवाग्रामास राहिलेल्या महात्माजींचा दाब २६ ऑक्टोबर १९३७ रोजीं १९४/१३० व १९ फेब्रुवारी १९४० रोजीं २२०/११० होता, हें आज आपणांस ठाऊक आहे. त्यावर ते सर्पगंधा घेत. याच मुळीचे गुण मुंबईच्या डॉ. रुस्तुम वकील यांनीं १९४९ सालीं एका ब्रिटिश नियतकालिकांत मांडले, तेव्हां जगाचें तिकडे लक्ष वेधलें.

तुंबणाऱ्या धमनीची कथा थोडी निराळी. वाढता दाब तिलाहि घातकच. परंतु तिची दुसरी पूर्वखूण पट्ट्यास कळत नाहीं, ती रक्तांतच शोधावी लागते. १९१३ सालीं रशियांत अनिच्कोव्ह यानें सशांना कोलेस्टेरॉल चारून त्यांच्या धमन्यांत मेदाचे थर उत्पन्न करून दाखविले. मनुष्याच्या रक्तांत हें द्रव्य दोन वाटांनीं येतें: शरीर तें स्वतः घडवितें, आणि आंतडें तें अन्न व पित्त यांतून शोषून घेतें. रक्तांतील लॅथोस्टेरॉल पहिल्या वाटेचा सुगावा देतें, तर वनस्पतींतून येणारें कॅम्पेस्टेरॉल दुसऱ्या वाटेचा. या खुणा अद्यापि मुख्यतः संशोधकांच्या कामाच्या आहेत. वैद्याच्या नित्य व्यवहारांत एलडीएल कोलेस्टेरॉलचें मापच पाहतात.

आणि हें माप कां घ्यावें? मेंदूच्या चुंबकीय चित्रांत कित्येकदां असे बारीक व्रण आढळतात कीं, त्यांची त्या मनुष्यास कधीं जाणीवहि झालेली नसते. वाचा गेलेली नसते, हात लुळा पडलेला नसतो. तरी मेंदूचा एक कण रक्तावांचून मेलेला असतो. पुढच्या मोठ्या आघाताची ती पूर्वसूचना ठरूं शकते.

सेवाग्रामांत १९६९ सालीं डॉ. सुशीला नायर यांच्या प्रयत्नानें वैद्यकीय महाविद्यालय उभें राहिलें. १९४२ सालीं वाढलेल्या दाबावर खात्रीचें औषध जवळजवळ नव्हतें. आज दाब व कोलेस्टेरॉल दोन्हीहि मोजतां येतात आणि आटोक्यांतहि ठेवतां येतात. उणीव असते ती आपल्या समजुतीची. 'दुखत नाहीं, तेव्हां कांहीं झालेलें नाहीं' हा आपला घरगुती हिशेब धमन्यांच्या बाबतींत साफ चुकतो. घरांतील कर्त्या माणसानें हा हिशेब वेळींच तपासून घ्यावा, इतकेंच सांगणें.