रोहित (अग्निपंख)
हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीत उतरणारा रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, गुलाबी जन्मत नाही. पिल्लू करडे असते. शेवाळ व सूक्ष्म कवचधारी जीवांतील कॅरोटिनॉइड रंगद्रव्ये पुढे पिसांत उतरतात. प्राणिसंग्रहालयांत हा आहार नसल्याने पक्षी फिके पडत. म्हणून आता खाद्यात कँथाझँथिन हे कॅरोटिनॉइड मिसळतात. पण रंग टिकला म्हणजे निगा उत्तम, असे मानणे चूक आहे. मोजकेच पक्षी असले तर ते सहसा घरटी बांधत नाहीत. गर्दीचा भास व्हावा म्हणून काही ठिकाणी चक्क आरसे लावतात. अ‍ॅडिलेड प्राणिसंग्रहालयातील एक रोहित किमान ८३ वर्षे जगून २०१४ मध्ये मेला, हा बंदिवासाच्या बाजूचा दाखला खरा; तरी दीर्घायुष्यावरून प्रजननाची हमी मिळत नाही. मोठा थवा, उथळ पाणी आणि घरट्यांसाठी चिखल नसेल, तर हा पक्षी ठेवूच नये.