गाठ लहान झाली, पण आयुष्य वाढलं का?

समजा, जालना जिल्ह्यातल्या एखाद्या बाईचा स्तनाचा कर्करोग हाडांत किंवा यकृतात पसरलाय. केमोथेरपीही झालीये. घरचे विचारतात, "डॉक्टर, आता पुढं काय?" नवा उपचार तपासणाऱ्या संशोधकापुढेही हाच प्रश्न असतो. फक्त त्याला एक गोष्ट आधी ठरवावी लागते: 'फायदा' म्हणून मोजायचं काय? मित्रांनो, संशोधनाची तयारी करताना या प्रश्नाचा इतिहास माहीत हवाच.

२००५ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आधी उपचार घेतलेल्या ४६२ रुग्णांपैकी काहींना नुसतं कॅपेसिटाबिन दिलं, काहींना त्याच्या जोडीला बेव्हासिझुमॅब हे नवं औषध. नुसत्या कॅपेसिटाबिनच्या गटात ९.१ टक्के रुग्णांच्या गाठी लहान झाल्या, नव्या औषधाच्या गटात १९.८ टक्के. म्हणजे दुप्पट! पण आयुष्य? मध्यक काढला तर १४.५ महिने आणि १५.१ महिने. जवळपास सारखंच. पुढे दुसऱ्या एका चाचणीत आजार वाढायला उशीर लागतो असं दिसलं आणि २००८ मध्ये एफडीएनं स्तनाच्या कर्करोगासाठी या औषधाला मान्यता दिली. आयुष्य वाढल्याचा पुरावा मात्र मिळेना, दुष्परिणाम तर होतेच. २०११ मध्ये ती मान्यता काढून घेण्यात आली.

हाच पेच परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही उभा होता, तिथं प्रश्न शस्त्रक्रियेचा होता. आजार पसरल्यावर स्तनातली मूळ गाठ काढावी का? २००२ मध्ये डॉ. सीमा खान यांनी अमेरिकेतल्या १६,०२३ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रिया जास्त जगल्याचं दिसलं. पण थांबा. डॉक्टर शस्त्रक्रियेसाठी मुळात धडधाकट रुग्णच निवडत असतील तर? मग श्रेय शस्त्रक्रियेचं की निवडीचं?

हे तपासायला डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांची यादृच्छिक वाटणी केली. बहुतेकींची केमोथेरपी आधी होऊन तिला प्रतिसाद मिळाला होता. १७३ जणींना स्थानिक उपचार, म्हणजे शस्त्रक्रिया आणि गरजेनुसार रेडिएशन. १७७ जणींना ते नाही. शस्त्रक्रियेच्या गटात छातीतला आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. आयुष्याचा मध्यक मात्र १९.२ आणि २०.५ महिने. फरक नाहीच.

या चाचणीवर आक्षेपही आले. एचईआर-२ प्रकारच्या बहुतेक रुग्णांना त्यावरचं महागडं औषध मिळालं नव्हतं. तुर्कस्तानातल्या चाचणीत पाच वर्षांनी शस्त्रक्रियेचा फायदा दिसला. पण अमेरिकेत खुद्द डॉ. खान यांनीच यादृच्छिक चाचणी केली, तेव्हा २०२० मध्ये उत्तर परळसारखंच आलं. आपल्याच जुन्या निष्कर्षाची अशी परीक्षा घेणं, हेही शिकण्यासारखं आहे.

जालन्याहून देवगिरी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठणाऱ्या कुटुंबासाठी हा आकड्यांचा खेळ नाही. आयुष्य वाढवत नसलेली शस्त्रक्रिया टळली, तर उरलेल्या महिन्यांतले कित्येक दिवस आणि पैसे वाचतात.

म्हणून कुठलाही शोधनिबंध हातात घेतला की आधी बघा: मोजलंय काय? गाठीचं काय झालं आणि बाईचं काय झालं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. तुमच्या संशोधन आराखड्यात यातला कोणता आहे, ते पहिल्याच पानावर लिहा.