फाल्कन की टोराना?

मुलगा सिडनीला असतो, म्हणून मागच्या खेपेस बाथर्स्ट पाहणं झालं. सिडनीपासून साधारण 200 किलोमीटर. तिथे माउंट पॅनोरमा नावाच्या डोंगरावर 6.2 किलोमीटरचा शर्यतीचा रस्ता आहे. एरवी तो साधा सार्वजनिक रस्ता, वेगमर्यादा ताशी 60! आम्ही रमतगमत चढत होतो, तेवढ्यात नातवाने विचारलं, "आजोबा, जुनी एकच गाडी घ्यायची तर फाल्कन की टोराना?"

मला गाड्यांमधलं ओ की ठो कळत नाही. पण जन्मभर इतिहास शिकवला, तेव्हा उत्तर शोधणं आलंच.

त्या काळी नियम असा, की शर्यतीत धावणारी गाडी सामान्य गिऱ्हाइकालाही विकायला हवी. म्हणून फोर्डने 1971 साली फाल्कन जीटी-एचओ फेज थ्री काढली. चार दारांची, 5.8 लिटरचं व्ही-8 इंजिन, आणि गाड्या जेमतेम 300. त्याच वर्षी अ‍ॅलन मोफॅटने तिच्यावर बाथर्स्ट जिंकलं. होल्डनची टोराना एक्सयू-1 चणीने लहान, इंजिन 3.3 लिटरचं, सहा सिलिंडरचं. 1972 ला पाऊस आला. ओल्या रस्त्यावर हलकी टोराना सरस ठरली आणि पीटर ब्रॉकने एकट्याने 500 मैल चालवून बाजी मारली. त्याच्या संघाचे प्रमुख हॅरी फर्थ. गंमत म्हणजे ते पूर्वी फोर्डचा संघ सांभाळायचे!

त्याच वर्षी जूनमध्ये एका वर्तमानपत्राने ओरड केली, की ताशी 160 मैलांच्या गाड्या रस्त्यावर येताहेत. सरकारी दबाव आला, कंपन्या मागे हटल्या. फाल्कनची फेज फोर बाजारात आलीच नाही.

म्हणूनच फेज थ्रीला आता दहा लाख ऑस्ट्रेलियन डॉलरहून जास्त किंमत आलेली आहे. टोराना त्या मानाने स्वस्त. नकला मात्र दोन्हींच्या होतात. इंजिनाचा नंबर, सांगाड्याचा नंबर आणि कागदपत्रं जुळवून पाहावी लागतात. अस्सल सनद आणि बनावट सनद ओळखण्यासारखंच की हे!

फोर्डने 2016 मध्ये आणि होल्डनने 2017 मध्ये तिथलं उत्पादन थांबवलं. आता नवी भर पडणार नाही. मग काचेआड जपायची, की चालवायची?

मी म्हणालो, "टोराना. बाहेर काढायची भीती वाटेल इतकी महाग गाडी काय कामाची?"

मुलगा हळूच म्हणाला, "बाबा, तुमची लॅम्ब्रेटा बारा वर्षं ताडपत्रीखाली होती."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असल्यास जरूर कळवा.