‘वॅन मिनिपोर्ट’ : दूरची तार संगणकाला जोडण्याचा इतिहास

१/ विंडोज असलेला संगणक ज्यांच्याजवळ आहे, त्यांनी एकदा ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘नेटवर्क अडॅप्टर्स’ ही यादी पाहावी. वायफायच्या नोंदीखाली ‘वॅन मिनिपोर्ट’ नावाच्या अनेक नोंदी दिसतील. ही उपकरणे आपण विकत घेतलेली नाहीत आणि संगणकाच्या पेटीत ती कुठे बसवलेलीही नाहीत. मग ती तेथे आली कशी? आजचा धागा या नोंदींच्या पूर्वजांविषयी आहे.

२/ वॅन म्हणजे वाइड एरिया नेटवर्क, दूरवर पसरलेले संगणकजाल. एका इमारतीतले संगणक जोडायचे तर तार आपली, भिंत आपली, मर्जीही आपली. संगणक दुसऱ्या उपनगरात किंवा दुसऱ्या देशात असला की तार दुसऱ्याची होते. आपले यंत्र आणि दुसऱ्याची तार यांच्या सीमेवरचे नाके म्हणजे वॅन अडॅप्टर. म्हणूनच त्याचा इतिहास तंत्राइतकाच परवानगीचाही आहे.

३/ सुरुवात टेलिफोनपासून. टेलिफोनची तार माणसाच्या आवाजासाठी घडवलेली होती. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा ती वाहून नेई. संगणकाचे शून्य आणि एक या पट्ट्यात बसवायचे तर त्यांचे सुरांत रूपांतर करावे लागे आणि पलीकडे त्या सुरांचे पुन्हा अंक करावे लागत. हे काम करणारे यंत्र म्हणजे मोडेम. १९६२ साली अमेरिकेत आलेल्या ‘बेल १०३’ मोडेमचा वेग सेकंदाला ३०० बिट होता.

४/ पण तारेला यंत्र जोडू देणार कोण? अमेरिकेत एटीअँडटी कंपनी आपल्या जाळ्याला परके उपकरण जोडू देत नसे. टेक्सासच्या टॉम कार्टर यांनी टेलिफोन आणि रेडिओ यांना जोडणारे ‘कार्टरफोन’ बनवले, त्यावरून वाद झाला आणि १९६८ मध्ये तेथील दूरसंचार आयोगाने निकाल कार्टर यांच्या बाजूने दिला. जाळ्याला अपाय होत नसेल, तर ग्राहकाने आपले यंत्र जोडावे, हे तत्त्व तेव्हा मान्य झाले.

५/ तरीही टेलिफोनचा रिसीव्हर रबरी वाट्यांत ठेवून आवाजानेच जोडणी साधणारे ‘अकूस्टिक कपलर’ पुढेही बराच काळ वापरात राहिले. १९८१ मध्ये ‘हेज स्मार्टमोडेम’ आला. तो थेट तारेला जोडता येई आणि संगणकाकडूनच त्याला आज्ञा देता येत: नंबर फिरव, उचल, ठेव. ‘एटी’ या दोन अक्षरांनी सुरू होणारी ती आज्ञावली पुढे जवळजवळ प्रत्येक मोडेमची मातृभाषा ठरली.

६/ भारतात प्रश्न आणखी कडक होता. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाने तारयंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा विशेषाधिकार सरकारकडे ठेवला होता. शंभर वर्षांनी, १९८५ मध्ये, दूरसंचार विभाग टपाल खात्यापासून वेगळा झाला. १९८६ मध्ये दिल्ली-मुंबईसाठी महानगर टेलिफोन निगम आणि परदेशी संपर्कासाठी विदेश संचार निगम स्थापन झाले. साध्या टेलिफोनसाठीही वर्षानुवर्षे वाट पाहण्याचा तो काळ. संगणकाची पाळी त्यानंतरची.

७/ याच १९८६ मध्ये केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हा प्रकल्प हाती घेतला. सहभागी संस्था आठ: मुंबई, दिल्ली, कानपूर, खरगपूर व मद्रास येथील पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचे एनसीएसटी आणि स्वतः इलेक्ट्रॉनिक्स विभाग. शिक्षण आणि संशोधनासाठीचे हे जाळे म्हणजे भारतीय इंटरनेटचे बालपण होय.

८/ त्या बालपणातला एक महत्त्वाचा अध्याय मुंबईच्या दोन उपनगरांत घडला. जुहूला एनसीएसटी, पवईला आयआयटी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका केंद्रातून एनसीएसटी उभे राहिले होते आणि त्याचे नेतृत्व श्रीनिवासन रमणी यांच्याकडे होते. १९८६-८७ च्या सुमारास या दोन संस्थांचे संगणक टेलिफोनवरून एकमेकांना टपाल पाठवू लागले. दोन्ही टोके मुंबईतच असल्याने हा संवाद शहरातल्या शहरात होई.

९/ हे टपाल चाले ‘यूयूसीपी’ या युनिक्सवरील पद्धतीने. ही पद्धत १९७० च्या दशकात बेल प्रयोगशाळेत जन्मली. जोडणी सदासर्वदा चालू राहत नसे. पत्रे एका यंत्रात साठत. ठरलेल्या वेळी ते यंत्र मोडेमकरवी दुसऱ्याला फोन लावी, साठलेली पत्रे देई, त्याच्याकडची घेई आणि फोन ठेवी. दिवसातून ठरावीक वेळा येणाऱ्या पोस्टमनचीच ही विद्युत आवृत्ती होती.

१०/ जोडणी ‘बसवणे’ म्हणजे काय, हे येथे स्पष्ट होते. व्यवस्थापकाला एका फाइलमध्ये लिहावे लागे की पलीकडच्या यंत्राचे नाव काय, फोन केव्हा लावायचा, कोणत्या सीरियल पोर्टवरून, कोणत्या वेगाने आणि नंबर कोणता. शेवटी एक छोटा संवाद: समोरून अमुक शब्द आला की तमुक उत्तर दे. त्यात ‘लॉगिन’ या इंग्रजी शब्दाचे पहिले अक्षर मुद्दाम गाळत. काही यंत्रे ते मोठ्या लिपीत पाठवत, काही छोट्या, आणि कधी तारेवरच्या खरखरीत ते हरवूनही जाई. उरलेल्या अक्षरांवरून ओळख पटवणे अधिक भरवशाचे होते.

११/ पत्ताही आजच्यासारखा नव्हता. पत्र कोणकोणत्या यंत्रांतून जायचे, ती वाट लेखकानेच लिहायची. दोन यंत्रांच्या नावांमध्ये उद्गारचिन्ह. एनसीएसटीच्या एका यंत्राचे नाव होते ‘शक्ती’. परदेशातून भारतात येणाऱ्या पत्रांच्या वाटेत हे नाव दिसे. मधले एक यंत्र बंद असले की पत्र तेथेच मुक्कामाला.

१२/ वेगाचा अंदाज घेऊ. सेकंदाला १,२०० बिट वेगाच्या मोडेमवर प्रत्येक अक्षरामागे आरंभ आणि अंताच्या खुणा धरून १० बिट लागत, म्हणजे सेकंदाला १२० अक्षरे. दोन हजार अक्षरांचे पानभर पत्र सुमारे १७ सेकंदांत जाई. आज आपण सहज पाठवतो ते एक मेगाबाइटचे छायाचित्र जायला जवळजवळ अडीच तास लागले असते. तेवढ्यात ओळ तुटली नाही, तर!

१३/ जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात अर्नेटची पहिली भाड्याची ओळ सुरू झाली. वेग ९.६ किलोबिट. आता फोन लावायचा नव्हता, तार चोवीस तास आपलीच होती. पण भाड्याच्या ओळीला ‘सिंक्रोनस’ पद्धतीचा अडॅप्टर लागतो. त्यात अक्षरागणिक आरंभ-अंताच्या खुणा नसतात, दोन्ही टोके एकाच घड्याळाच्या तालावर चालतात. हा ताल सहसा ओळीच्या बाजूचे मोडेम देई आणि संगणकाच्या कार्डाने तो मुकाट्याने स्वीकारायचा. कार्डही स्वतःचा ताल धरून बसले, तर सगळी जोडणी बिनचूक असूनही पलीकडे निव्वळ कचरा पोहोचे.

१४/ यावर १९७६ मध्ये प्रमाणित झालेली ‘एक्स.२५’ पद्धत चालवायची, तर आणखी बारकावे. पाकिटाचा आकार सहसा १२८ बाइट. पोच येण्यापूर्वी किती पाकिटे पुढे सोडायची, तो आकडा सहसा २. पत्ता म्हणजे टेलिफोनसारखा लांबलचक क्रमांक. दोन टोकांनी हे आकडे वेगळे धरले, तर बोलणे अडखळे किंवा सुरूच होत नसे.

१५/ याच सुमारास एक मोठा वाद जगभर चालू होता. संगणकांनी कोणत्या नियमावलीने बोलावे? एकीकडे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेची ‘ओएसआय’, सरकारांना प्रिय. दुसरीकडे अमेरिकेच्या आर्पानेटने १ जानेवारी १९८३ पासून स्वीकारलेली ‘टीसीपी-आयपी’, विद्यापीठांत रुळलेली. अर्नेटमध्ये आधी ओएसआयला स्थान होते. १९९२ पासून पारडे झुकू लागले आणि १९९५ पर्यंत जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी-आयपीवर आली. हा निकाल कोणत्या परिषदेतील ठरावाने लागला नाही. एकेका संस्थेने एकेक यंत्र बदलत नेले, तसा तो लागत गेला.

१६/ दरम्यान जागतिक नकाशावर भारताची नोंद होत होती. मे १९८९ मध्ये ‘डॉट इन’ हे देशनाम नोंदले गेले व त्याची व्यवस्था एनसीएसटीकडे आली. १९९० मध्ये अर्नेटला १४४.१६.०.० पासून सुरू होणारा पत्त्यांचा गट मिळाला. १९९२ मध्ये मुंबईच्या एनसीएसटीपासून अमेरिकेत व्हर्जिनियातील ‘यूयूनेट’पर्यंत ६४ किलोबिटची ओळ सुरू झाली. अर्नेटच्या साऱ्या विद्वानांना मिळून बाहेरच्या जगाचा दरवाजा एवढ्या रुंदीचा होता.

१७/ मग आला १५ ऑगस्ट १९९५. विदेश संचार निगमने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. येथेही दोन वर्ग होते. ‘शेल’ खात्यात तुमचा संगणक इंटरनेटवर नसेच, तो निगमच्या यंत्राचा नुसता पडदा असे. हाती येई ती केवळ मजकुराची खिडकी. ‘टीसीपी-आयपी’ खात्यात तुमचे यंत्र स्वतः जाळ्याचा घटक होई आणि चित्रे दिसत. पहिले स्वस्त, दुसरे कितीतरी महाग. एकाच मोडेमवरून दोघे एकाच शहरात फोन लावत, पण ज्याच्या खिशाला परवडे त्यालाच अख्खे इंटरनेट मिळे.

१८/ आणि मोडेम बसवणे हा स्वतंत्र सोहळा होता. काही महिन्यांपूर्वी पुण्याच्या जुन्या बाजारात मला एक मोडेमचे कार्ड दिसले. हिरव्या पाटीवर टाचणीएवढ्या पिनांच्या जोड्या आणि त्यांवर इवल्या काळ्या टोप्या. विक्रेता ते वजनावर विकत होता. त्या टोप्या म्हणजे जंपर. त्यांच्या जागा बदलून कार्डाला ‘कॉम’ पोर्टचा आणि ‘आयआरक्यू’चा क्रमांक द्यावा लागे. आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधून घेण्याची ठरलेली ओळ.

१९/ अडचण अशी की जुन्या रचनेत कॉम १ आणि कॉम ३ यांना एकच ओळ, चौथी. कॉम २ आणि कॉम ४ यांना तिसरी. माऊस कॉम १ वर आणि मोडेम कॉम ३ वर असला, की दोघेही एकाच साखळीने घंटा वाजवणार. परिणामी जोडणी चालू असताना माऊस हलवला की संगणक गोठे किंवा फोन तुटे. उपाय एकच: पेटी उघडा, टोपी हलवा, पेटी लावा, पुन्हा पाहा.

२०/ जंपर जागेवर बसले तरी सॉफ्टवेअरचा प्रश्न उरे. विंडोज ३.१ मध्ये टेलिफोनवरून टीसीपी-आयपी चालवण्याची सोय अंगभूत नव्हती. ती पुरवली टास्मानियाच्या पीटर टॅटम यांच्या ‘ट्रम्पेट विनसॉक’ने. जगभर लाखोंनी ते वापरले आणि त्यांतील बहुतेकांनी त्याचे पैसे कधी दिले नाहीत. आधीच्या ‘स्लिप’ पद्धतीत आपला पत्ता आपणच भरायचा, एक आकडा चुकला की सारे व्यर्थ. पुढची ‘पीपीपी’ पद्धत पत्ता आपोआप ठरवून घेई.

२१/ भारतातील सेवेनंतर नऊच दिवसांनी, २४ ऑगस्ट १९९५ रोजी, विंडोज ९५ बाजारात आले. त्याच्या नेटवर्कच्या यादीत एक नवी नोंद होती: ‘डायल-अप अडॅप्टर’. असे कोणतेही कार्ड अस्तित्वात नव्हते. तो एक सॉफ्टवेअरचा मुखवटा होता. टेलिफोनवरच्या मोडेमला तो नेटवर्क कार्डाचे रूप देई, म्हणजे बाकीच्या प्रणालीला फरक कळू नये. जंपर लावून बसवायची वस्तू येथून पुढे यादीतली एक ओळ झाली.

२२/ ‘वॅन मिनिपोर्ट’ हा त्याच कुळाचा वंशज. आज तुम्ही विंडोजच्या अंगभूत सोयीने महाविद्यालयाच्या व्हीपीएनला जोडले जाता किंवा नाव-पासवर्ड देऊन ब्रॉडबँड सुरू करता, तेव्हा याच नोंदींपैकी एखादी जागी होते.

२३/ मराठीचे काय? त्या काळचे टपाल मुख्यतः सात बिटांच्या आस्की संकेतावर चाले आणि त्यात देवनागरीला जागाच नव्हती. परदेशातील मराठी मंडळी यूझनेटवर मराठी चर्चागटात भेटत, पण मराठी लिहीत रोमन अक्षरांत. पुण्याच्या सीडॅकने देवनागरीसाठी ‘जिस्ट’ कार्ड बनवले होते. तेही संगणकात बसवायचेच कार्ड! तार मिळाली तरी तिच्यावरून आपली लिपी जायला आणखी वर्षे जावी लागली.

२४/ इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला खरी चिंता साधनांची आहे. शिवकालीन कागद धुंडाळताना आपण मोडी दप्तराच्या एकेका तुकड्यासाठी जिवाचे रान करतो. पण १९८७ मध्ये जुहूहून पवईला लागलेल्या फोनची ती फाइल, जंपरच्या जागा पेन्सिलीने लिहिलेली पुस्तिका, ओळ तुटल्याच्या वेळा टिपलेली वही, हे सारे आपल्या डोळ्यांदेखत रद्दीत चालले आहे. धोरणांचे कागद अभिलेखागारात राहतील. ते धोरण तारेवर प्रत्यक्ष उतरवणाऱ्या हातांची नोंद मात्र अशा कागदांतच आहे.

२५/ जुन्या बाजारातले ते कार्ड मी चाळीस रुपयांना घेतले. मागच्या बाजूला कोणीतरी निळ्या शाईने ‘कॉम २, आयआरक्यू ३’ एवढेच लिहिले आहे. त्या अनाम हाताची किती संध्याकाळ त्या एका ओळीवर खर्ची पडली असेल, हे आता तुम्हाला सांगायला नको. तुमच्या घरी, ओळखीत, कोणी त्या काळात ही जोडणी केली असेल, तर त्यांच्याशी बोला, आठवणी लिहून घ्या आणि कागद जपा. माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात पुढच्या संशोधकाचे दप्तर पडलेले असेल.